डॉक्टरांविरुद्ध ग्राहक आयोगात दाद मागता येते

'2019 च्या कायद्याने डॉक्टरांना वगळलं, आता ग्राहक आयोगात जाऊ नका' असा मेसेज कोल्हापुरातल्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातल्या 'सेवा'च्या व्याख्येत आरोग्यसेवेचं नाव नाही, हे खरं. पण पैसे घेऊन केलेले उपचार ही सेवाच, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये ठरवलं. नव्या कायद्यानंतरही मुंबई उच्च न्यायालयाने 2021 मध्ये तेच सांगितलं. त्याविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये फेटाळली. मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातून वगळले ते वकील. गोंधळ बहुधा तिथूनच झाला असावा.

तक्रार करायची मुदत दोन वर्षं. उपचार पुण्यात झाले तरी तुम्ही कोल्हापूरला राहत असाल तर तक्रार इथल्या जिल्हा आयोगात चालते. फी भरलेल्या बिलावर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. पाच लाखांपर्यंतच्या बिलाला फी शून्य. केसपेपर आधी लेखी मागा, पोच घ्या. 72 तासांत देणं बंधनकारक आहे. कागद नसले की तक्रार लंगडी पडते, आणि उपचार फसले म्हणजे हलगर्जीपणा झालाच असंही नाही. सर्वांनाच पूर्ण मोफत असलेले उपचार मात्र यात येत नाहीत.

तो मेसेज पुढे पाठवू नका. वाट बघण्यात कुणाची तरी दोन वर्षं उलटतील.