मेलोर, उंदीर आणि कुत्र्यावरच्या पाच ओळी

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर पुस्तक काढून बसलो.

‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ या मालिकेच्या दुसऱ्या पर्वाचा पहिला भाग १६ जून २०२४ला आला आणि तो संपल्या संपल्या, डोकं गरम असतानाच मी त्यावर नोंद लिहिली होती. तुमचे आक्षेप तीन. मालिका ज्यावर बेतलीय त्या पुस्तकातल्या, राजपुत्राच्या खुनाच्या प्रसंगाचा जीवच काढून घेतलेला असताना मी शेवटाचं कौतुक केलं, म्हणजे मी पुस्तक वाचलेलंच नाही. पोटचं पोर जातंय आणि राणी हेलेना दगडासारखी उभी, त्याला मी ‘संयत अभिनय’ म्हणालो. आणि आईवर दोन ओळी लिहून कुत्र्यावर पाच खर्च केल्या. वर साक्षीला पुस्तकाचे लेखक खुद्द जॉर्ज आर. आर. मार्टिन!

ओळी मोजल्या. बरोबर आहे तुमचं. त्याबद्दल शेवटी बोलू.

इतरांसाठी थोडक्यात सांगतो. पुस्तकात हेलेनाला तीन मुलं: जेहेरिस आणि जेहेरा ही सहा वर्षांची जुळी आणि दोन वर्षांचा मेलोर. शत्रुपक्षातल्या डेमनने, आपला सावत्र मुलगा लुसेरिस मारला गेल्याचा सूड म्हणून पाठवलेले मारेकरी तिला विचारतात, दोन मुलग्यांपैकी कोणता द्यायचा ते सांग. ती म्हणते, मला मारा. ते ऐकत नाहीत. शेवटी ती मेलोरचं नाव घेते आणि ते मारतात जेहेरिसला. मालिकेत मेलोर नाहीच. मारेकऱ्यांना जुळ्यांमधला मुलगा कोणता ते कळत नाही, हेलेना बोट दाखवते, खरं तेच दाखवते, आणि मुलीला उचलून तिथून निघते.

पुस्तक मी वाचलंय. म्हणूनच ‘पुस्तकात असं नाही’ हे वाक्य आलं की थोडा सावध होतो. २०१८ साली आलेलं ‘फायर अँड ब्लड’ वाचताना कादंबरी वाचतोय असं वाटतच नाही, बखर वाचतोय असं वाटतं. आर्चमेस्टर गिल्डेन नावाचा एक विद्वान, सगळं घडून गेल्यावर पुष्कळ वर्षांनी, इतरांची टिपणं समोर ठेवून लिहितोय. एकीकडे सेप्टन (म्हणजे पुरोहित) यूस्टेस, दुसरीकडे मंकन हा दुसरा एक विद्वान, आणि तिसरा मशरूम नावाचा विदूषक, जो दरबारातली चावट गोष्ट सोडत नाही आणि मधूनच सगळ्यांपेक्षा खरं बोलून जातो. तिघांचं जमत नाही. गिल्डेन ‘असं म्हणतात’ म्हणून पुढे सरकतो.

लुसेरिसचा मृत्यू घ्या. बखरीपुरता हिशेब सरळ आहे: हेलेनाचा भाऊ एमंड याने व्हेगार या आपल्या ड्रॅगनवरून पाठलाग केला आणि भाच्याला मारलं. पण त्या वादळात, ढगांच्या वर, तिसरं होतं कोण? पहिल्या पर्वाच्या शेवटी मालिकेने दाखवलं की ड्रॅगन एमंडच्या ताब्यातून सुटला, तो ओरडत राहिला आणि व्हेगारने ऐकलं नाही. तेव्हाही ‘पुस्तकात असं नाही’ म्हणून गदारोळ झाला होता. मला तो बदल अजूनही आवडतो. खुनाचं पाप अंगावर घेणं सोपं, पण आपल्याला साधा ड्रॅगन आवरला नाही हे आईला कसं सांगायचं?

हाच मुद्दा मी तुमच्या तोंडावर फेकणार होतो. पुस्तक काढलं ते त्यासाठीच. आणि तिथेच अडकलो. कारण हेलेनाच्या त्या खोलीतून माणसं जिवंत बाहेर आलेली आहेत. ती स्वतः, तिची आई अ‍ॅलिसेंट, दोन मुलं. इथे ‘कोणी पाहिलं?’ असं म्हणून मला सुटता येत नाही. आणि गंमत म्हणजे इथेसुद्धा गिल्डेनला एक गोष्ट माहीत नाही. तिने मेलोरचंच नाव का घेतलं? तो लहान, त्याला कळणार नाही म्हणून? की थोरला गादीचा वारस म्हणून? तो दोन्ही शक्यता मांडतो आणि सोडून देतो. मग मारेकरी त्या दोन वर्षांच्या पोराला सांगतो की तुझ्या आईला तू मेलेला हवा आहेस. जेहेरिस एका घावात जातो. मेलोर मात्र वाचतो, आणि त्याच्याकडे बघणं तिला पुढे जमत नाही. (ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी इथेच थांबतो.)

मालिकेतल्या हेलेनाला दुःख आहे, भीती आहे. ही लाज तिच्या वाट्याला येत नाही. ज्याच्यासमोर मान खाली घालावी असं जिवंत पोरच उरलेलं नाही. हे मला जूनमध्ये दिसलं नव्हतं, तुमच्यामुळे दिसलं. तुमचा पहिला आक्षेप मान्य.

मार्टिन यांनी ४ सप्टेंबरच्या टिपणात हेच लिहिलं आणि काही तासांत ते काढूनही टाकलं. मेलोरला वगळण्यामागे मालिकेचे कर्ते रायन कॉन्डल यांनी सांगितलेली कारणं व्यवहाराची होती: इतक्या लहान मुलाला घेऊन चित्रीकरण रेंगाळतं, खर्च वाढतो. मुलगा गाळत नाही, पुढे ढकलतोय, असं तेव्हा सांगितलं गेलं होतं. तोही शब्द पुढे राहिला नाही. दोन वर्षांच्या मुलाला रात्रीच्या प्रसंगात तासन्‌तास कॅमेऱ्यासमोर ठेवणं किती कठीण असेल ते कळतं मला. पण पडद्यावर ती अडचण दिसत नाही, रिकामी जागा तेवढी दिसते.

हेलेनाच्या ‘दगडा’बद्दल मात्र मी मागे हटणार नाही. त्याच भागात, आधी, ती नवऱ्याला सांगते की मला भीती वाटते, ड्रॅगनची नाही, उंदरांची. तो ते मनावर घेत नाही. पहिल्या पर्वातही ती फळ्यांखालच्या श्वापदाबद्दल पुटपुटत होतीच. जी बाई हे कितीतरी दिवस आधीपासून बघत आलीय, तिने किंकाळी फोडायची तरी केव्हा? आता तो जिना पुन्हा बघा. मागच्या खोलीत काय चाललंय ते पडद्यावर येत नाही, नुसता आवाज येतो. ती आईच्या खोलीत पोचते, आई भलत्याच अवस्थेत सापडते, आणि हेलेना सांगते की त्यांनी मुलाला मारलं. ‘माझ्या’ मुलाला असं ती म्हणत नाही. हेलेना साकारणाऱ्या फिया सबानने ते वाक्य एखादा निरोप पोचवावा तसं म्हटलंय. माझ्या अंगावर काटा आला तो तिथे. तुमच्या नाही आला, तर त्यावर मी काय वाद घालणार?

राहिला कुत्रा. उंदीर पकडणाऱ्या त्या माणसाने लाथ मारली तेव्हा मी पाच ओळी लिहिल्या, कारण डेमनचा हुकूम आपल्याला पूर्ण ऐकूच दिला जात नाही. एमंड सापडला नाही तर काय, हा प्रश्न ऐकू येतो आणि उत्तराआधीच दृश्य तुटतं. ही माणसं काय करू शकतात ते आपल्याला आधी त्या लाथेतून कळतं. दुसऱ्या भागात शहरातले सगळे उंदीर पकडणारे फासावर लटकवलेत आणि तेच कुत्रं खाली बसून आपल्या मालकाकडे वर बघतंय. आईवरच्या ओळी वाढवून नोंद दुरुस्त करतो. त्या पाच तशाच राहू देत.