दुकानातला सॅमन

मालवणच्या धक्क्यावर आमचे अप्पाकाका रोज संध्याकाळी गरवायला बसतात. त्यांचं सामान म्हणजे एक रिकामी बाटली, तिच्यावर गुंडाळलेला नायलॉनचा तंगूस, टोकाला शिसं, गरी आणि गरीला सुंगटाचा, म्हणजे कोळंबीचा, तुकडा. तंगूस तर्जनीवरून सोडलेला. मासा खाली टोचायला लागला की बोटाला कळतं, बोटाकडून काकांना कळतं आणि रात्री कालवणातून सगळ्या घराला कळतं.

त्यांचा सख्खा पुतण्या, म्हणजे मी, 2025च्या जुलैत सिएटलच्या एका दुकानात भिंतभर उभ्या केलेल्या काठ्यांपुढे हात मागे बांधून उभा होतो. हात मागे, कारण किमतीच्या चिठ्ठ्या पुढे लटकत होत्या.

मूळ चूक कयाकची. शेजारी बिऱ्हाड हलवताना आपली 12 फुटी नारिंगी कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची अरुंद होडी, माझ्या गळ्यात मारून गेला. ती गॅरेजमध्ये धूळ खात पडली होती, तोवर ऑफिसात कुणीतरी म्हणालं, ‘यंदा विषम वर्ष आहे!’ मला आधी वाटलं, साडेसातीसारखं काही असेल. पण पिंक सॅमन जन्मतो तो मोजून दोन वर्षांचं आयुष्य घेऊन, आणि सिएटललगतच्या प्युजेट साउंड या खाडीत त्यांच्या झुंडीच्या झुंडी परततात त्या विषम वर्षी. 2025 हुकलं की थेट 2027. आमच्याकडच्या कुठल्याही नातेवाइकात नसलेला हा वक्तशीरपणा बघून मी विरघळलो. शिवाय, मुंबईच्या हॉटेलांत रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात. त्या दोघांचं नातं मेनूकार्डापुरतंच. तेव्हा खरा सॅमन एकदा आपल्या हातानं धरावा, असं ठरलं. ट्रोलिंग तर किती सोपं! कयाकमध्ये बसायचं, मागे आमिष ओढत हळूहळू वल्हवत राहायचं. एक काठी, तिच्यावर दोरी गुंडाळायचं एक रील, आणि निघालो.

दुकानदार पांढऱ्या दाढीचा, कमरेला पक्कड लावलेला. त्यानं विचारलं, “कुठला सॅमन?”

“पिंक.”

“त्याच पाण्यात कोहोही लागेल. आणि किंग लागला तर?”

पिंक दीड-दोन किलोचा. किंग दहा किलोचाही असू शकतो. म्हणजे स्वयंपाक दोघांचा करायचा की अख्ख्या वऱ्हाडाचा, हे पाहुणे दारात आल्यावर कळणार, पातेलं मात्र आजच घ्यायचं.

त्यानं साडेदहा फुटांची काठी काढून दिली. इकडची जुनी परंपरा, म्हणाला. तिच्यावर बसवायचं रीलही परंपरागत, मुठीच्या एका फेऱ्याला एकच फेरा घेणारं. मासा दोरी घेऊन पळाला की त्याची मूठ उलटी गरगरते आणि बोटाच्या पेरांवर सटासट बसते. लोक त्याला प्रेमानं ‘बोटंफोडं’ अशा अर्थाच्या नावानं ओळखतात. मी परंपरेपुढे हात जोडणार, एवढ्यात त्यानं विचारलं, “बोट कोणती?”

“कयाक.”

त्यानं काठी माझ्या हातातून काढून परत भिंतीला लावली. एक्स-रे बघून डॉक्टर चष्मा काढतो, तसं.

“खाली बस,” तो म्हणाला.

मी फरशीवर पाय लांब करून बसलो. त्यानं माझ्या हातात सात फुटी काठी दिली, दोरीचं टोक आपल्या मुठीत धरलं आणि म्हणाला, “आता मी सॅमन.” आणि हा साठीचा गृहस्थ टोप्यांच्या स्टँडकडे पळत सुटला! काठी वाकली. गिऱ्हाइकं थांबली. सॅमन मोज्यांच्या रांगेतून वळून माझ्या पायांपुढून पलीकडे गेला. “मी कयाकच्या नाकाखालून गेलो. दोरी सोडव!” मी काठी ताणली, पण तिचं टोक माझ्या बुटांच्या जेमतेम पुढे. खऱ्या कयाकमध्ये दोरी बुडाला घासून तुटली असती. काठी नाकाला वळसा घालण्याइतकी लांब हवी.

“मग साडेदहाच दे,” मी खालून म्हणालो.

ती दिली. सॅमन पुन्हा पळाला, दमला, जवळ आला. जवळ म्हणजे किती? सॅमनच्या आमिषाच्या पुढे फ्लॅशर नावाची 11 इंची चकचकीत पट्टी बांधतात. ती पाण्यात गरगरते आणि माशाचं कुतूहल चाळवते. तिच्या मागे चारेक फूट दोरी, मग गळ. फ्लॅशर काठीच्या टोकाला येऊन टेकला की रील पुढे फिरत नाही. म्हणजे साडेदहा फुटांच्या काठीचं टोक तिकडे आभाळात, त्याखाली पट्टी, त्याखाली चार फुटांवर मासा, आणि मी इकडे पाण्याच्या पातळीवर बूड टेकून हातभर जाळी हलवतोय. बोटीत माणूस उठून दोन पावलं मागे सरकतो. कयाकमध्ये मागे सरकणं म्हणजे पोहणं. आणि त्या पाण्यात ऑगस्टमध्येही दात वाजतात.

अशा रीतीनं तीन सॅमन आणि एक टोप्यांचा स्टँड पडल्यावर आम्ही साडेआठ फुटांवर तडजोड केली. मला वाटलं, सुटलो.

“आता किती मऊ?” तो म्हणाला.

हा प्रश्न आजवर मला फक्त पुरणपोळीबाबत विचारला गेला होता. पण त्यात तथ्य होतं. इथे सॅमनसाठी बिनकाट्याचा गळ लावावा लागतो. मासा सोडायचा झाला तर त्याला इजा कमी व्हावी म्हणून. गरीला उलटं टोक नाही, म्हणजे दोरी क्षणभर ढिली पडली की मासा थुंकून मोकळा. वर दोरी विणलेली, जिला रबरासारखा ताण नाही. म्हणून काठीनंच लवायचं, झटके पोटात घ्यायचे, दोरी कायम ताठ ठेवायची. घरातल्या मोठ्या सुनेचं काम. पण फार मऊ घेतली तर शिसं आणि फ्लॅशर ओढतानाच ती सारखी लवून राहणार, आणि मासा लागलाय की मी नुसताच वल्हवतोय हे कळणार नाही. मी पाऊण तास काठ्या वाकवून सोडत होतो. शेवटी काठी वाकतेय की मी वाकतोय, यातला फरक संपला.

रीलच्या बाबतीत त्यानं मला बोलूच दिलं नाही. आकडे दाखवणारं घे, म्हणाला. त्याच्या पाठीवर एक छोटीशी खिडकी असते, रिक्षाच्या मीटरसारखी. किती फूट दोरी बाहेर गेली ते दिसतं. साठ फुटांवर मासा लागला तर पुन्हा साठच फूट सोडायची, कारण झुंड त्याच खोलीवर फिरत असते. मला हे इतकं पटलं की फोनवर मी काकांना कौतुकानं सांगितलं. ते म्हणाले, “किती दोरी सोडलंस ता तुका कळणा नाय?”

काठी, रील, काठी टेकवायचा खोबणा, काठी बुडू नये म्हणून तिला बांधायचा पट्टा. घरी बायकोनं पावती वाचली आणि शांतपणे विचारलं, “किलोला कितीला पडतो?” भाजक अजून शून्य होता, म्हणून मी उत्तर दिलं नाही.

ऑगस्टमध्ये एका पहाटे वेस्ट सिएटलच्या किनाऱ्यावरून निघालो. एक गोष्ट दुकानातल्या फरशीवर कुणाच्याच लक्षात आली नव्हती. वल्हं दोन हातांनी मारायचं असतं. म्हणजे मासा लागला की वल्हं मांडीखाली, काठी उजव्या हातात, जाळी डाव्या हातात, आणि रील फिरवायला देवानं तिसरा हात ठेवलेला नाही. एक सील डोकं वर काढून माझ्याकडे बघत होता. वेटर बिलाची वाट बघतो तसा.

मीटरवर 62 असताना काठी लवली. आणि काय सांगू, सगळं जमलं! मासा नाकाखालून गेला. काठीनं वळसा घातला. त्यानं झटके दिले; काठीनं पोटात घेतले. फ्लॅशर टोकाला आला आणि मासा बरोब्बर माझ्या जाळीपाशी. दाढीवाल्याला मनातल्या मनात साष्टांग घातला.

जाळीत अडीच फुटी करडा मासा होता. हिरवट डोळे, खरखरीत कातडी आणि पाठीवरच्या दोन्ही पंखांपुढे एकेक टोकदार काटा. डॉगफिश. आपली मुशी, मालवणीत मोरी. पकडीनं गळ काढला आणि काटे चुकवत तिला सोडून दिलं. त्यानंतर पाच तास मीटर सोडून कुठलाच आकडा बदलला नाही.

संध्याकाळी काकांचा फोन. “काय गावला?”

“सॅमन नाही मिळाला. मोरी लागली होती, सोडून दिली.”

पलीकडे इतका वेळ शांतता की मला वाटलं, फोन कटला. मोरीच्या मटणासाठी काका एकदा भर पावसात वेंगुर्ल्याला गेले होते.

“मोरी गावली आणि सोडलंस? येडो की खुळो रे तू?” मग जरा वेळानं, आवाज खाली आणून, “ती काठी हय धाडून दी. माझी बाटली तुका पाठवतंय.”