‘पोट्ट्यांना सगळं येते’ म्हणे

नागपुरात सक्करदऱ्याला माझं दुकान आहे. दोन कम्प्युटर, एक प्रिंटर, झेरॉक्स मशीन आणि बाहेर ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ असा फलक. गेल्या महिन्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपांतून आला: कॉलनीच्या, पोराच्या वर्गातल्या पालकांच्या आणि सासुरवाडीच्या. मजकूर थोडक्यात असा:

“आजची मुलं पोटातूनच मोबाइल शिकून येतात. त्यांना शाळेत इंटरनेट शिकवणं म्हणजे माशाला पोहणं शिकवणं. अकाउंट प्रायव्हेट ठेवा, नको ते डिलीट करा, झालं. फॉरवर्ड केल्याने कोणी गुन्हेगार होत नाही आणि 18 वर्षांखाली कायदाच लागत नाही. तरी भीती वाटत असेल तर फोन काढून घ्या. ऑस्ट्रेलियाने तेच केलं.”

खाली तीस-चाळीस अंगठे. मी अंगठा दिला नाही, आणि ग्रुपमध्ये वाद घालायला मला जमत नाही. म्हणून इथे लिहितो.

पहिली गोष्ट माशाची. मुलं जन्मतःच डिजिटल असतात ही कल्पना 2001 मध्ये मार्क प्रेन्स्की या अमेरिकन लेखकाने ‘डिजिटल नेटिव्ह’ या शब्दानिशी लोकप्रिय केली. ऐकायला छान आहे. पण जून महिन्यात माझ्या दुकानात येऊन बसा. 2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत, नागपुरात तर त्याआधीपासूनच होते. रील कापून त्याला गाणं चिकटवणारा पोरगा फॉर्मवर ‘ईमेल’ दिसला की म्हणतो, “काका, तुमचाच टाकून द्या ना.” मोबाइल नंबरही दुकानाचाच. ओटीपी माझ्या फोनवर येतो, पासवर्ड माझ्या वहीत राहतो. पुढे महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज करायची वेळ आली की तोच पोरगा धापा टाकत येतो, “पासवर्ड विसरलो ना काका.” विसरायला आधी त्याला तो माहीत कुठं होता? अशा शेकड्याने मुलांच्या चाव्या माझ्या त्या वहीत पडून होत्या. मी सरळ माणूस आहे, हे त्यांचं नशीब.

आणि खरं सांगायचं तर मुलांना हे येत नाही, यावरच माझं दुकान चालतं. म्हणजे हा प्रतिवाद माझ्याच पोटावर पाय देणारा आहे.

माझ्या दुकानावर विश्वास नसेल तर ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या पाहणीचा 2024 चा अहवाल बघा. ग्रामीण भागातली 14 ते 16 वयाची मुलं त्यात होती. आठवड्याभरात अभ्यासासाठी फोन वापरलेली 57 टक्के, सोशल मीडियासाठी 76 टक्के. सोशल मीडिया वापरणाऱ्यांपैकी एखादं प्रोफाइल ब्लॉक किंवा रिपोर्ट करता येणारी 62 टक्के. पासवर्ड बदलणं आणि प्रोफाइल प्रायव्हेट करणं तर साठ टक्क्यांनाही येत नव्हतं. शहरातली मुलं थोडी पुढे असतील म्हणा, पण ‘पोटातूनच शिकून येतात’ हे काही यातून निघत नाही. बोट सराईतपणे फिरणं वेगळं आणि आपण कुठं काय देऊन बसलो हे कळणं वेगळं.

प्रायव्हेट आणि डिलीटचा मुद्दा लवकर संपतो. प्रायव्हेट अकाउंटवरचा फोटो दोनशे ‘मित्रां’ना दिसतो आणि स्क्रीनशॉट घ्यायला त्यातला एक पुरतो. तुम्ही डिलीट केलेली प्रत तुमची, त्याच्याकडची नाही. ब्राउझरमधला इनकॉग्निटो मोड लावलं की कोणालाच काही कळत नाही, असं माझ्याकडे येणारी मुलं छातीठोक सांगतात. त्या मोडमध्ये तुमच्या यंत्रावर हिस्ट्री राहत नाही, एवढंच. त्यावरूनच अमेरिकेत गूगलवर 2020 मध्ये दावा लागला आणि 2024 च्या तडजोडीत कंपनीने साठवलेला प्रचंड डेटा नष्ट करायचं कबूल केलं. वयाचीही तीच गंमत. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालच्यांना बालक धरलं. त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागणार, त्यांच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवता येणार नाहीत. पण पोराने अकाउंट उघडताना जन्मसाल 1999 टाकलं असेल तर कंपनीच्या लेखी तो बापमाणूस. हे त्याला कोणी सांगितलं?

आता फॉरवर्ड. इथे मला थांबावंसं वाटतं, कारण त्या मेसेजातलं सगळ्यात घातक वाक्य हेच आहे.

1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज फिरत होते. आठवडी बाजाराला आलेल्या सोलापूरकडच्या पाच भटक्या माणसांना जमावाने ठेचून मारलं. ते मेसेज पुढे ढकलणाऱ्या बहुतेकांनी एक दगडही उचलला नसेल. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. फार लांबचं वाटत असेल तर आपलं गाव घ्या. 17 मार्च 2025 ला अफवा पसरल्या, महाल भागात दगडफेक आणि जाळपोळ झाली, 11 ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. सक्करदराही त्यात होतं. शटर ओढून घरी बसलो तेव्हा फोन थांबायचं नाव घेत नव्हता, आणि आलेल्या व्हिडिओंपैकी कुठला आजचा, कुठला आपल्या गावचा, हे पाठवणाऱ्यांपैकी एकालाही सांगता येत नव्हतं.

कायद्याचं म्हणाल तर 2023 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका अभिनेत्या-राजकारण्याच्या प्रकरणात स्पष्ट केलं की फॉरवर्ड करणारा त्या मजकुराची जबाबदारी झटकू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही त्याला दिलासा दिला नाही. ‘18 वर्षांखाली कायदा लागत नाही’ हे साफ खोटं. 2015 च्या बाल न्याय कायद्याखाली अशी प्रकरणं बाल न्याय मंडळापुढे जातात. पद्धत वेगळी आहे, सुधारण्यावर भर आहे, पण सूट नाही. वर्गातल्या मुलीच्या नावाने ‘गंमत म्हणून’ खोटं अकाउंट काढणं किंवा मित्राच्या पासवर्डने आत शिरणं हे माहिती तंत्रज्ञान कायद्यात गुन्हे आहेत. उलट बाजूही सांगतो. त्याच कायद्याच्या ‘66 अ खाली अटक होईल’ असे धमकीचे मेसेज अजून फिरतात. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 ला रद्द केलं. म्हणजे घाबरवणारा फॉरवर्डही तपासूनच घ्यायचा.

आणि हे तपासणं शिकवता येतं. दर पावसाळ्यात नागपुरातल्या अंबाझरी तलावाच्या पुराचा व्हिडिओ ‘आत्ताचा’ म्हणून येतो. माझ्याकडे प्रिंट काढायला आलेल्या दोन पोरांना मी त्यातलं एक दृश्य गूगलच्या फोटो-शोधात टाकायला लावलं. 23 सप्टेंबर 2023 च्या बातम्या समोर आल्या. पाच मिनिटं लागली. पोरांनी ते लगेच आपल्या आत्याला कळवलं, आत्या रुसली.

राहिला फोन काढून घेण्याचा उपाय. ऑस्ट्रेलियाने 10 डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालच्यांना ठरावीक सोशल मीडियावर अकाउंट ठेवायला मनाई केली. फोन काढून घेतले नाहीत, इंटरनेट बंद केलं नाही, आणि दंड मुलांना किंवा आईबापाला नाही, कंपन्यांना. मेसेजवाल्याने बातमीचा मथळाही धड वाचलेला नाही.

पण माझी तक्रार ऑस्ट्रेलियाची नाही. मागच्या वर्षी अकरावीतली एक मुलगी झेरॉक्सच्या निमित्ताने आली आणि दुकान रिकामं होईपर्यंत उभी राहिली. तिचा फोटो लावून कोणीतरी अकाउंट काढलं होतं आणि घाणेरडे मेसेज पाठवत होतं. तीन आठवडे तिने घरी सांगितलं नव्हतं. का, विचारलं. “बाबा फोन घेऊन टाकतील.” तिच्याजवळ पुरावाही नव्हता, कारण घाबरून तिने सगळं पुसलं होतं. हीच ती ‘डिलीट करा, झालं’ची शिकवण. मग आम्ही अकाउंटची लिंक आणि स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेवले, ॲपमध्ये ‘माझ्या नावाने खोटं अकाउंट’ अशी तक्रार केली, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर कुठं नोंदवायचं ते तिला दाखवलं. पैसे गेले असते तर सगळ्यात आधी 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन, कारण पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत अडवता येतात. मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहे. संध्याकाळी मी तिच्या आईला बोलावून घेतलं. वडिलांना आईने सांगितलं. फोन काढून घेतला नाही.

त्यानंतर मी वही बंद केली. आता फॉर्म भरायच्या आधी पोराला खुर्चीवर बसवतो, त्याचा मेल त्यानेच काढायचा, पासवर्ड टाकताना मी तोंड फिरवतो. एकेकाला वीस मिनिटं लागतात. मागची रांग कुरकुरते. परवा एक गृहस्थ घड्याळ दाखवत म्हणाले, “तुम्हीच करून टाका ना भाऊ, नाहीतरी याला मोबाइलमधलं सगळं येते.” आणि खुर्चीवरचा त्यांचा मुलगा कीबोर्डवर वाकून मला विचारत होता, “काका, तो ॲट कुठं असते?”