विरोध भाषणाला की सभागृहाला?

नमस्कार.

अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या ग्रंथालय सभागृहात विश्व हिंदू परिषदेच्या कार्यक्रमात एका न्यायमूर्तींनी मुस्लिमांबद्दल केलेल्या भाषणावर आणि ते सभागृह कोणत्या नियमानं दिलं यावर मी लिहिलं होतं, त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. सविस्तर आहे, म्हणून उत्तरही ऐसपैस देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: न्यायमूर्ती शेखर कुमार यादव समान नागरी कायद्यावर बोलायला गेले होते, आणि तो विषय घटनेतलाच आहे, कार्यक्रम खाजगी संघटनेचा होता, न पटणाऱ्या वक्त्याला विरोध करणं म्हणजे पुरोगाम्यांची नवी सेन्सॉरशिप. शिवाय शेवटी विचारलंत, ‘मग इस्लामवर टीका करायचीच नाही का?’

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. महाराष्ट्रात हा प्रश्न कुणी विचारला की मला गंमत वाटते. १८ एप्रिल १९६६ रोजी मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, समान नागरी कायदा आणा, ही त्यांची मागणी. सात बायका! पुढे १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं. दलवाईंनी मौलवींना सोडलं नाही, मुस्लिम पुढाऱ्यांना सोडलं नाही. अशा विचाराच्या माणसाला उद्या एखाद्या विद्यापीठानं बोलावलं आणि भावना दुखावतात म्हणून कुणी निमंत्रण मागे घ्यायला लावलं, तर मी त्या वक्त्याच्या बाजूनं लिहीन. दलवाई बोलत होते ते तलाक देऊन घराबाहेर काढलेल्या बाईसाठी.

न्यायमूर्ती यादव यांच्या ८ डिसेंबर २०२४ च्या भाषणातही तलाक होता, हलाला (तलाकनंतर त्याच नवऱ्याकडे परतण्याआधी दुसऱ्याशी लग्न करावं लागण्याची प्रथा) होता, बहुपत्नीत्व होतं. तेवढंच असतं तर मी पोस्ट लिहिली नसती. पण देश इथल्या बहुसंख्याकांच्या इच्छेनुसार चालेल, असंही त्यात होतं. आमच्या मुलांना लहानपणापासून दया शिकवतात, तुमच्यात मुलांसमोर जनावरं कापतात, मग ती मुलं सहिष्णू कशी होणार, अशा अर्थाचंही होतं. यात कुठली प्रथा सुधारायची आहे? एका समाजाची मुलंच जात्या क्रूर निघणार, एवढंच ते सांगतं. तुम्ही हा भाग प्रतिक्रियेत घेतलेलाच नाही, समान नागरी कायद्याला तेवढं धरून बसलात.

आता सेन्सॉरशिप. इथे मला दूरचं उदाहरण द्यावंसं वाटतं, कारण त्यात एकच माणूस दोन वेगळ्या जागी उभा आहे आणि माझी भूमिकाही दोन्ही ठिकाणी वेगळी आहे. फ्रँकलिन ग्रॅहम हे अमेरिकेतले नावाजलेले ख्रिस्ती धर्मप्रचारक. ९/११ नंतर त्यांनी इस्लाम हा दुष्ट धर्म आहे असं जाहीरपणे म्हटलं होतं. २०१० मध्ये राष्ट्रीय प्रार्थना दिनाला त्यांना थेट पेंटागॉनमध्ये, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या मुख्यालयात, बोलावलं गेलं. सैन्यातल्या धर्मस्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या एका संघटनेनं हरकत घेतली आणि लष्करानं निमंत्रण मागे घेतलं. त्या लष्करात मुस्लिम सैनिकही होते. ज्यांचे हुकूम पाळायचे त्यांनीच आपला धर्म दुष्ट म्हणणाऱ्याला मानानं बोलावलेलं त्यांनी बघायचं होतं. ग्रॅहम यांचं तोंड कुणी बांधलं का? नाही. ६ मे रोजी ते पेंटागॉनबाहेरच्या फुटपाथवर आले, तिथे प्रार्थना केली, कॅमेऱ्यांशी बोलले.

दहा वर्षांनी हेच ग्रॅहम ग्लासगोला जाणार होते. स्कॉटिश इव्हेंट कॅम्पसमधलं सभागृह त्यांच्या संस्थेनं रीतसर आरक्षित केलं होतं. हा कॅम्पस चालवणाऱ्या कंपनीची बहुतांश मालकी तिथल्या महापालिकेकडे आहे. समलैंगिकता आणि इस्लामबद्दलच्या त्यांच्या वक्तव्यांवरून ओरड झाली आणि आरक्षण रद्द झालं. २०२२ मध्ये ग्लासगोच्या शेरिफ न्यायालयानं हा धर्मश्रद्धेवरून केलेला भेदभाव ठरवला आणि सुमारे ९७ हजार पौंडांची भरपाई द्यायला लावली. माझ्या मते निकाल बरोबर होता. जे सभागृह पैसे भरणाऱ्या कुणालाही मिळतं, तिथे मालकानं भाडेकरूची मतं तपासत बसू नये. दारात उभं राहून निषेध करावा, पत्रकं वाटावीत, सभा उधळू नये.

अलाहाबादचा कार्यक्रम यातल्या कशात बसतो? आयोजक विश्व हिंदू परिषदेचा विधी प्रकोष्ठ (कायदा विभाग) होता, म्हणजे खाजगी संघटना, मान्य. पण सभागृह उच्च न्यायालयाच्या आवारातलं आणि बोलणारे त्याच न्यायालयाचे तेव्हा पदावर असलेले न्यायमूर्ती. जामिनासाठी, पोटगीसाठी, जमिनीच्या तंट्यासाठी त्याच इमारतीत मुस्लिम पक्षकार येतात, आणि आपलं प्रकरण कुणापुढे लागावं हे त्यांच्या हातात नसतं. एरवी न पटणारा वक्ता असला की श्रोता उठून जातो. पक्षकार कुठे जाईल? सर्वोच्च न्यायालयानं दोनच दिवसांत उच्च न्यायालयाकडून तपशील मागवला, १७ डिसेंबरला न्यायमूर्तींना कॉलेजियमसमोर (सर्वोच्च न्यायालयाच्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळासमोर) बोलावलं. मधल्या काळात राज्यसभेच्या ५५ खासदारांनी महाभियोगाची नोटीस दिली. खासदारांचं राजकारण म्हणून बाजूला ठेवा हवं तर. पण तुमच्या हिशेबानं सर्वोच्च न्यायालयही पुरोगाम्यांच्या टोळीत जमा झालं म्हणायचं!

मैदानाची गोष्ट आणखी वेगळी. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईतल्या सकल हिंदू समाजाच्या सभेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा बंदी आली नाही. द्वेषपूर्ण भाषण होणार नाही या अटीवरच परवानगी देऊ, असं सरकारनं सांगितलं आणि न्यायालयानं चित्रीकरण करायला सांगितलं. मला हे पुरेसं वाटलं होतं, तेव्हाही.

हिंदूंबद्दल असंच बोलणाऱ्या मौलवीला न्यायालयाच्या आवारात जागा दिली तर काय, असंही तुम्ही विचारलंत. हेच. शब्दही बदलणार नाही.

मूळ लेखात मी भाषणावर बंदी मागितलेलीच नव्हती, पुन्हा वाचून पाहा. न्यायालयाच्या आवारातलं सभागृह बाहेरच्या संघटनांना कोणत्या नियमानं दिलं जातं आणि त्यावर सही कुणाची असते, हे उच्च न्यायालय प्रशासनानं जाहीर करावं, एवढीच मागणी होती. तो नियम सगळ्यांना सारखा असेल, म्हणजे जमियत या मुस्लिम संघटनेच्या वकिलांनी अर्ज केला तरी तेच सभागृह मिळणार असेल, तर तुमचा ‘खाजगी कार्यक्रम’ हा मुद्दा मी पुन्हा विचारात घेईन.