सांताक्लॉज कोका-कोलाने घडवला? आधी ही जुनी चित्रं पाहा

डिसेंबर उजाडला की एक फॉरवर्ड हमखास फिरतो. सांताक्लॉज १९३१ मध्ये कोका-कोलाने घडवला, लाल रंग कंपनीचा, त्याआधी तो हिरव्या कपड्यांत असे, आणि भेटी वाटणं ही बाजाराने लावलेली सवय. सांताचं नाव ज्याच्यावरून आलं त्या संत निकोलसशी तिचा संबंध नाही, असा त्यातला दावा.

१९३१ चं म्हणाल तर त्या वर्षी चित्रकार हॅडन संडब्लॉम यांनी कंपनीसाठी सांता रंगवायला घेतला, आणि आजचा गुबगुबीत, हसरा आजोबा जगभर पोचला तो बराचसा त्या जाहिरातींमुळेच. पण दाढी, सुटलेलं पोट आणि काखेत खेळणी असलेला सांता अमेरिकन व्यंगचित्रकार थॉमस नास्ट यांनी १८८१ मध्येच काढला होता. लाल झगाही ‘पक’ या अमेरिकन साप्ताहिकाच्या मुखपृष्ठांवर विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच दिसतो.

रंगावरून उलटा दावाही होतो, की लाल रंग संत निकोलसच्या बिशपवस्त्रातून (बिशप म्हणजे ख्रिस्ती चर्चचा वरिष्ठ धर्मगुरू) आला. तोही तितकाच कच्चा. इटालियन चित्रकार राफाएलच्या १५०५ च्या ‘अन्सिदेई मॅडोना’ या चित्रात (लंडन, नॅशनल गॅलरी) निकोलसचा झगा हिरवा आहे. म्हणून रंगावरून त्याला ओळखायला जाऊ नये, पायाशी पाहावं. तिथे बहुधा सोन्याचे तीन गोळे असतात, त्यांची कथा पुढे येते.

फॉरवर्डचा सर्वांत चुकीचा भाग भेटींचा. निकोलस हा चौथ्या शतकातला मायराचा बिशप. मायरा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं डेमरे. कथा अशी: एका कफल्लक बापाला तीन मुली, हुंड्याला पैसा नाही, मुलींना देहविक्रयाला लावायची वेळ आलेली. निकोलस रात्री गुपचूप खिडकीतून सोनं आत टाकतो, एकेका मुलीसाठी एकेकदा, असं तीनदा. कथेत सोन्याच्या थैल्या आहेत, चित्रकार मात्र बहुधा गोळे काढतात. आमच्या मते कारण साधं आहे: चर्चच्या अंधारात लांबून थैली ओळखू येत नाही, सोन्याचा गोळा मेणबत्तीच्या उजेडातही लकाकतो.

हा प्रसंग इटालियन चित्रकार आंब्रोजो लोरेंझेत्ती यांनी १३३२ च्या सुमारास रंगवला (आता फ्लोरेन्सच्या उफिझी संग्रहालयात), जेंतिले दा फाब्रियानो यांनी १४२५ मध्ये. जेंतिलेंचा फलक वेदीवरच्या मोठ्या चित्राखालच्या अरुंद पट्टीतला आहे. अशा पट्टीत संताचे चमत्कार ओळीने येतात. ती पाहताना एक चूक नेहमी होते: लोक बिशपची उंच टोपी शोधतात. या प्रसंगात निकोलस अजून बिशप झालेलाच नाही, तो वारशाने पैसा मिळालेला तरुण आहे. खुणेला डोक्यामागचं तेजोवलय पाहावं. दुसरी चूक सोन्याबाबतची. अशा चित्रांत सोन्याचा वर्ख लावतात आणि वर्खाखाली तांबड्या चिकणमातीचा थर असतो. वर्ख झिजला की ती माती दिसते आणि छायाचित्रात तो लाल रंग वाटतो.

दानाचा अर्थ फक्त मुलींपुरता नाही. लोरेंझेत्तींच्याच मालिकेत मायराच्या दुष्काळाचा फलक आहे. बादशहाचं धान्य नेणाऱ्या प्रत्येक जहाजातून निकोलस शंभर मापं मागतो, आणि पुढे मोजदाद होते तेव्हा जहाजांत एक मापही कमी भरत नाही. चित्रात वरून देवदूत जहाजांत धान्य ओततायत. खलाशी त्याला आपला रक्षक मानतात ते वादळात जहाज वाचवण्याच्या चमत्कारामुळे. जेंतिलेंच्या पट्टीत तोही आहे.

‘भेटी ही नवी सवय’ म्हणणाऱ्यांनी डच चित्रकार यान स्टेनचं १६६५-६८ चं ‘संत निकोलसचा सण’ अवश्य पाहावं (ॲमस्टरडॅम, राइक्सम्युझियम). हे धार्मिक चित्र नाही, एका डच घरातली सणाची सकाळ आहे: खेळणं कवटाळलेली मुलगी, आणि बुटात खाऊऐवजी छडी निघाली म्हणून रडणारा मुलगा. डच लोक निकोलसला ‘सिंटरक्लास’ म्हणतात. सांताक्लॉज हे नाव त्यातूनच आलं.