चिंपांझीची मांडी म्हणजे आपली जुनी मांडी नव्हे

मांडीच्या हाडावरून माणसाची उत्क्रांती सांगणाऱ्या माझ्या लेखावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा: हाड वापराने घडतं, चालणाऱ्याचं वेगळं, लटकणाऱ्याचं वेगळं; मग मांडीच्या हाडावरून उत्क्रांती कशी काय सांगता?

अर्धा आक्षेप बरोबर आहे आणि तेवढा भाग मी लेखात गाळला होता, ही माझी चूक. माणसाचं मांडीचं हाड गुडघ्याकडचे दोन्ही उंचवटे टेबलावर टेकवून धरलं तर बाहेरच्या बाजूला कलतं. चिंपांझीचं जवळपास सरळ राहतं. हा कल कोणी जन्माला येताना आणत नाही. मूल चालू लागलं की तो येतो, कधीच चालू न शकलेल्या मुलांत येत नाही. इथे तुमचंच खरं.

पण त्याच गुडघ्यात वाटी ज्या खाचेतून सरकते, तिचा बाहेरचा काठ पाहा. हाड कललेलं असल्यामुळे वाटी बाहेर निसटायला बघते, हा उंच काठ तिला अडवतो. आणि तो गर्भातही उंचच असतो! एक पाऊलही न टाकलेल्या बाळाला तो वापराने कसा मिळेल?

खुब्याचंही बघा. कमरेखाली बाजूला हाताला जो उंचवटा लागतो, तो धावणाऱ्या माकडांत मांडीच्या हाडाच्या खुब्यात बसणाऱ्या गोळ्याच्याही वर जातो, कारण मांडी मागे रेटणाऱ्या स्नायूंना तरफ हवी. ओरांगउटानमध्ये उलट गोळाच वर निघतो, पाय कुठेही वळवता येतो.

'चिंपांझीशी तुलना करून काय सिद्ध होतं?' या प्रश्नावर मात्र आपलं भांडणच नाही. फार काही सिद्ध होत नाही. केनियातल्या तुगेन टेकड्यांत २००० साली सापडलेला ओरोरिन (मानवपूर्वज मानला जाणारा एक जीवाश्म) सुमारे ६० लाख वर्षं जुना. त्याचं मांडीचं हाड २०१३ च्या एका अभ्यासात मायोसीन काळातल्या (सुमारे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीच्या) जीवाश्म कपींच्याही शेजारी ठेवून पाहिलं, तेव्हा ते त्या कपींच्या आणि नंतरच्या मानवपूर्वजांच्या मधे बसलं, चिंपांझीच्या जवळ नाही. म्हणजे आपण बदलत होतो तेव्हा चिंपांझी काही मूर्तीसारखा थांबला नव्हता, त्याची मांडीही त्याच्या वाटेने बदलली. लेखात मी त्याला 'जुना नमुना' म्हटलं होतं. तो शब्द आज काढून टाकला.

चाडमधल्या सहेलान्थ्रोपस या आणखी जुन्या जीवाश्माच्या मांडीच्या हाडाबद्दलही विचारलंत. त्याला दोन्ही टोकं नाहीत, ना गोळा, ना गुडघा. वर सांगितलेलं जवळजवळ सगळं त्या टोकांवरच दिसतं. २०२२ मध्ये ते दोन पायांवर चालणाऱ्याचं ठरवलं गेलं खरं, पण नुसत्या दांड्यावर मी पैज लावणार नाही.