शेवाळ, मेलेले मासे आणि मोरचूद: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं की मी शेवाळाची उगीच तरफदारी करतो. तुमच्या देवळाच्या तळीत ते माजलं, एका सकाळी मासे उलटे तरंगले आणि आता गावकरी शेवाळ मारायला मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट (तांब्याचा क्षार), टाकणार आहेत. शिवाय 'शेवाळ जगाला ऑक्सिजन देतं' ही तुम्हाला थाप वाटते.

मासे सकाळी मेले, हे तुम्हीच लिहिलंय आणि खरी मेख तिथेच आहे. दिवसा उन्हात शेवाळ पाण्यात ऑक्सिजन सोडतं, पण रात्री माशांसारखंच तेही तो वापरतं. तळी दाट हिरवी असली की पहाटेपर्यंत पाण्यात ऑक्सिजन फारसा उरत नाही. त्यात जुनं शेवाळ कुजत असेल तर उरलासुरला ऑक्सिजन जीवाणू संपवतात. म्हणजे शेवाळावरचा आरोप खोटा नाही, पण ते माजलं कशावर? कपडे धुतल्याचं पाणी, निर्माल्य, बागेतून वाहून आलेलं खत. त्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस हेच त्याचं खाद्य.

ऑक्सिजनचं म्हणाल, तर पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणापैकी साधारण निम्मं समुद्रात होतं आणि तेही बहुतेक डोळ्यांना न दिसणाऱ्या, तरंगत्या जिवांकडून. पण तो ऑक्सिजन जवळजवळ सगळा समुद्रातच खर्च होतो. 'आपला दर दुसरा श्वास समुद्राचा' हा व्हॉट्सॲपवरचा मजकूर मलाही पटत नाही.

माझी तरफदारी आहे ती ताटातल्या माशासाठी. पावसाळ्यात वारा खालचं थंड, पोषक पाणी वर आणतो, नद्या गाळ आणतात आणि किनाऱ्यालगत डायटम भराभर वाढतात. काचेसारखं सिलिकाचं कवच असलेलं हे एकपेशीय शेवाळ. तारली ते थेट खाते. बांगडा ते आणि त्यावर जगणारे बारीक जीव खातो आणि सुरमई या दोघांना. मालवणच्या प्रवाळांचंही पोट बरंचसं त्यांच्या शरीरात राहणाऱ्या शेवाळावरच भरतं.

राहिला मोरचूद. त्याने शेवाळ एकदम मरेल, एकदम कुजेल आणि उरलेले मासेही जातील. तांबं माशांनाही विषारीच. त्यापेक्षा शेवाळ हाताने, थोडं थोडं काढा आणि काठावर न ठेवता माडांच्या आळ्यात टाका, नाहीतर पहिल्याच पावसात ते परत तळीत. कपडे धुणं बंद केल्याशिवाय मात्र हे दरवर्षीचं काम होईल. आणि मोरचूद आणूनच ठेवला असेल, तर चुन्यात मिसळून पोफळींवर फवारा, सुपारी कुजवणाऱ्या कोळेरोगावर चालतो.